पर्यावरणाच्या वहीत आकडे येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन. तो जवळ आला की शाळाशाळांतून निबंध, घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धेच्या सूचना फलकावर लागतात. चित्रही ठरलेले असते: माणसांनी खच्चून भरलेली पृथ्वी, तिच्या डोळ्यांत पाणी आणि खाली ठळक अक्षरांत ‘लोकसंख्येचा भस्मासुर’. ५ जूनच्या पर्यावरण दिनाची गत याहून बरी नाही. मुळात तेव्हा राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे तो शाळा उघडल्यावर एक रोप आणि एक फोटो एवढ्यात उरकला जातो. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि २००३ साली त्याची पुन्हा आठवण करून दिली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आज तो स्वतंत्र विषय आहे. विषय आला, प्रकल्प आला, त्याचे गुण आले, पण मुलाने स्वतः मोजलेला आकडा काही वहीत आला नाही. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली तयार फाईल, वर स्पायरल बाइंडिंग आणि मागच्या वर्षीचे नाव खोडून घातलेले नवे नाव, असा बहुसंख्य प्रकल्पांचा प्रकार आहे. सगळे दाखले नद्यांच्या प्रदूषणाचे, पण त्यात पुण्यातल्या मुठेचे एक बाटलीभर पाणीही नसते.

आम्ही विज्ञान आणि भूगोल शिकवणारी माणसे आहोत. परिसंस्था, लोकसंख्यावाढ आणि माणसाचा पर्यावरणावरचा परिणाम हे तीन सुटे धडे म्हणून शिकवले जातात, तिथेच घोळ होतो असे आमचे मत आहे. तिन्हींचे मूळ एकच: किती आहेत, किती लागते, उरते किती. हे मोजायला फार पैसा लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. जुलै ते ऑक्टोबर या सहामाहीत कोणत्याही शाळेला जमेल असे काही इथे तपशिलाने लिहीत आहोत, कारण ‘कृतिशील शिक्षण द्या’ एवढे म्हणून शिक्षकाच्या हाती काहीच पडत नाही.

सुरुवात लोकसंख्यावाढीपासून करावी, मात्र माणसांपासून करू नये. कमळाच्या कुंडीत, रोपवाटिकेच्या हौदात, साचलेल्या पाण्यावर डकवीड नावाची बारीक हिरवी वनस्पती तरंगत असते. पान दोन-चार मिलिमीटरचे, त्याखाली लोंबणारे एक मूळ. पानाच्या कडेतून नवे पान फुटते, वाढते, सुटे होते आणि स्वतःची पिल्ले काढू लागते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत, खत आणि उजेड बरा असेल तर, साधारण तीन-चार दिवसांत संख्या दुप्पट होते. आभाळ सलग आठवडाभर भरून राहिले तर वेळ लागतो.

सात-आठ सेंटिमीटर तोंडाच्या एकसारख्या सहा डब्या घ्याव्यात. श्रीखंडाच्या छोट्या डब्या उत्तम. मोठे टब घेऊ नयेत, शेवटी हजारो पाने मोजायची वेळ येते आणि वर्ग कंटाळून अंदाजाने आकडे लिहू लागतो. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवले की त्यातला क्लोरीन उडून जातो. एक लिटर पाण्यात टेबलचमचाभर गांडूळखत रात्रभर भिजवावे आणि सकाळी सुती फडक्याने गाळावे. दोन डब्यांत नुसते पाणी, दोन डब्यांत हे खताचे पाणी चौपट पातळ करून आणि दोन डब्यांत गाळले तसेच घालावे. प्रत्येक डबीत ८ पाने सोडावीत. पाण्याच्या पातळीवर बाहेरून मार्करची रेघ मारावी. खिडकीशी उजेड हवा, पण दुपारचे थेट ऊन नको.

मोजणी सोमवार, बुधवार, शुक्रवार. नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा: डोळ्यांना सुटे ओळखू येणारे प्रत्येक पान मोजायचे, आईला चिकटलेले पिल्लूसुद्धा. हा नियम नसला की एक गट पुंजका मोजतो, दुसरा पान मोजतो आणि दोघांचे आलेख जुळत नाहीत. एकच डबी दोन मुलांनी एकमेकांना न सांगता मोजावी. दोघांच्या आकड्यांत दहाला एकापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजावे. संख्या दोनशेच्या पुढे गेली की फोनवर वरून फोटो काढावा, त्यावर डबीच्या तोंडाचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग मोजून दुप्पट करावी. एकच भाग मोजून चौपट करू नये. पाने वाऱ्याने एका कडेला जमतात, त्यामुळे उत्तर फार चुकते.

यात बिघडते ते असे. पहिली गोष्ट डास. शाळेच्या खिडकीत महिनाभर उघडे पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि महापालिकेचे लोक तपासणीला आले तर नोटीस मुख्याध्यापकांच्या हातात पडते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून डबीच्या तोंडावर मच्छरदाणीचे कापड आणि रबरबँड हवेच. दुसरी गोष्ट शेवाळ. खत दाट झाले की पाणीच हिरवे होते आणि डकवीड मागे पडते. अशी डबी फेकू नये, तीही एक नोंद आहे. तिसरी, पाणी आटणे. रेघेपर्यंत पाणी पुन्हा भरायचे, पण साध्या पाण्याने. खताच्या पाण्याने भरले तर दर आठवड्याला खुराक वाढत जातो. चौथी, दोन जातींची सरमिसळ. डकवीडबरोबर बहुधा त्याचा जाडसर भाऊबंद येतो, ज्याच्या पानाखाली एकाऐवजी अनेक मुळे असतात. भिंगातून पाहून एकच जात निवडावी. आणि गणपतीच्या सुट्टीत खंड पडणार हे धरूनच तारखा आखाव्यात.

पहिले दहा दिवस मुलांना काहीच घडत नाहीसे वाटते: ८, १६, ३२. मग दोन आठवड्यांच्या आसपास वर्ग खिडकीपाशी गर्दी करू लागतो. सहा वेळा दुप्पट झाले की ५१२, आणि डबीचे तोंड भरत येते. आलेख वर चढता चढता आडवा होतो. खरा धडा मात्र साध्या पाण्याच्या डबीत असतो. तिथे जागा शिल्लक असूनही वाढ खूप आधी थांबते, पाने फिकट पडतात आणि मुळे लांबतात. एका डबीला जागेने अडवले, दुसरीला अन्नाने. पुस्तकातली ‘धारण क्षमता’, म्हणजे एखाद्या जागी जास्तीत जास्त किती जीव टिकू शकतात, हा कुठे कोरून ठेवलेला आकडा नाही, जे सर्वांत आधी कमी पडते त्यावर ती ठरते, हे नववीच्या मुलाला एका नजरेत कळते. चौथ्या आठवड्यात भरलेल्या डबीतून निम्मी पाने काढून घ्यावीत आणि वाढ परत सुरू होते का ते पाहावे. प्रयोग संपल्यावर सारे कंपोस्टच्या खड्ड्यात जावे. नाल्यात किंवा तळ्यात ओतू नये. जलपर्णीने पाषाण तलावाचे काय होते ते पुणेकरांना सांगायला नको.

इथे थांबून एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी लागते: माणूस म्हणजे डकवीड नव्हे. पानाला स्वतःचा वाटा कमी करता येत नाही आणि दुसऱ्या डबीतून पाइप टाकून पाणीही आणता येत नाही. आपण दोन्ही करतो. म्हणून माणसांकडे वळताना डोकी मोजणे पुरत नाही.

तरीही डोकी मोजावीत, आणि पुण्याचीच मोजावीत. जनगणनेनुसार महापालिका हद्दीत १९९१ साली सुमारे १५.६७ लाख, २००१ साली २५.३८ लाख आणि २०११ साली ३१.२४ लाख माणसे होती. वर्गाला दशवार्षिक वाढ काढायला सांगा. पहिल्या दशकात ६२ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के. मुले लगेच सांगतात, पुण्यात जन्मदर कोसळला. मग त्यांना १९९७ सालचा नकाशा दाखवावा. त्या वर्षी आजूबाजूची ३८ गावे हद्दीत घेतली, त्यातली काही पुढे वगळली. म्हणजे वाढीतली बरीच माणसे कुठून आली नव्हतीच, रेघ त्यांच्यापर्यंत गेली होती. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. त्यामुळे २०११ च्या लोकसंख्येला आजच्या क्षेत्रफळाने भागून घनता काढणारा तक्ता, जो प्रकल्पांच्या फायलींत हमखास सापडतो, तो चुकीचाच असतो. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, तेव्हा आज छापले जाणारे सगळे आकडे अंदाज आहेत, हेही त्याच तासाला सांगून टाकावे. शहराची वाढ म्हणजे जन्म वजा मृत्यू, अधिक येणारे, वजा जाणारे, अधिक हद्दवाढ. या बेरजेतल्या पहिल्याच पदावर सगळे खापर फोडण्याची सवय मोडायची असेल तर बाकीची पदे मुलांनी स्वतः शोधायला हवीत.

जन्मदराचे म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी किती मुले) १.७ होता, देशाचा २.०. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो, दोनाच्या वरचा तो थोडा भाग मोठे होण्याआधी दगावणाऱ्या मुलांसाठी आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात त्यासाठी. म्हणजे आपले राज्य त्या रेषेच्या खाली आहे. तरी निबंधात ‘स्फोट’ चालूच! मुलांचा रास्त प्रश्न येतो: मग माणसे वाढतात कशी? त्याचे उत्तर चवळीच्या दाण्यांनी द्यावे. तीन वाट्या: पोरे ४०, जाणती ३०, म्हातारी १०, एकूण ८०. एक फेरी म्हणजे २५ वर्षे. फेरीत म्हाताऱ्यांची वाटी रिकामी करायची, जाणती तिथे सरकवायची, पोरे जाणत्यांच्या वाटीत टाकायची आणि जितकी नवी जाणती तितकीच नवी पोरे घालायची, म्हणजे जोडप्यामागे दोन. पहिल्या फेरीनंतर ११०, दुसरीनंतर १२०, आणि मग तिथेच स्थिर. एकाही जोडप्याला तिसरे मूल न होता ८० चे १२० झाले, कारण सुरुवातीला तरुणांची वाटी भरलेली होती. आता दर पाच जाणत्यांमागे चार पोरे असा नियम करून पुन्हा खेळा: ८० चे १०२, मग ९८, मग ७९. आधी वाढ, नंतर उतार. हा खेळ पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसतो. एकच काळजी घ्यावी: क्रम फळ्यावर लिहून ठेवावा. जाणती सरकवण्याआधी पोरे टाकली की दोन पिढ्या एकाच वाटीत मिसळतात आणि पुढचे सारे गणित बिघडते.

आता ‘किती लागते’. यासाठी पाण्यासारखा विषय पुण्यात दुसरा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, त्यात खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम १.९७. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरासाठीचे सरकारी मानक धरून २०११ च्या लोकसंख्येला रोज सुमारे ४२ कोटी लिटर लागतात, वर्षाला साधारण साडेपाच टीएमसी. गणित इथवर आले की मुले म्हणतात, मग अडचण काय? साठा तर पाचपट आहे! अडचण अशी की प्रत्यक्षात शहर याच्या दुपटीहून जास्त पाणी उचलते आणि त्याच साठ्यावर कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही अवलंबून आहे. मधले पाणी जाते कुठे, याची यादी वर्गाने करावी: २०११ नंतर वाढलेली माणसे, समाविष्ट गावे, गळती, बाष्पीभवन, आणि १३५ च्या कितीतरी वर जाणारी घरे. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे लोकसंख्येमुळे की वापरामुळे?’ असा एक रकाना ठेवावा. चर्चा आपोआप रंगते. पुरवलेल्या पाण्याचे सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे अभियंते धरतात. तेही काढायला लावावे, म्हणजे पुढे नदीपाशी गेल्यावर ते पाणी कुठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही.

घरचा वापर मोजताना मात्र सांभाळून. एकाच वर्गात सामायिक नळावर माणशी पन्नास लिटरांत भागवणारे घर असते आणि रोज गाडी धुणारे तिघांचे घरही. उघड्यावर आकडे विचारले तर पहिल्या मुलाला लाज वाटते आणि दुसरा खोटा आकडा देतो. चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता फक्त माणसे आणि लिटर घ्यावेत. पद्धत सोपी: बादलीचे माप आधी लिटरच्या बाटलीने भरून काढायचे (वीस लिटरची म्हणून घेतलेली बादली काठोकाठ भरल्यावरच वीस लिटरची असते), फ्लशच्या टाकीचे माप टाकीच्या झाकणाखाली पाहायचे, धुण्याच्या यंत्राचे माहितीपुस्तिकेत. गळणाऱ्या नळाखाली मापाचा कप दहा मिनिटे धरून आलेल्या पाण्याला १४४ ने गुणले की दिवसाचा आकडा मिळतो. मोजणी सलग सात दिवस हवी, एक दिवस चालत नाही. रविवारच्या धुण्याने आणि पाणी बंद असलेल्या गुरुवारने एका दिवसाचे चित्र पार बदलते. चिठ्ठ्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या की सरासरीपेक्षा दोन टोकांतले अंतर बोलके ठरते. हेच जगाच्या पातळीवर न्यायचे असेल तर कार्बन डायऑक्साइडचे आकडे हाताशी आहेत: भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४. परिणाम म्हणजे लोकसंख्या गुणिले माणशी वापर गुणिले तंत्रज्ञान, हे अर्लिक आणि होल्ड्रेन या शास्त्रज्ञांचे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे सूत्र त्यावर चपखल बसते. सूत्र आधी आणि आकडे नंतर दिले तर मात्र ते फक्त पाठ होते.

नदीचा प्रयोग मिथिलीन ब्लूचा. हे निळे औषध माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळते. पाण्यातले जिवाणू सेंद्रिय घाण खाताना विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की निळा रंग उडतो. घाण जितकी जास्त तितका रंग लवकर जातो. घट्ट झाकणाच्या २५० मिलिलिटरच्या सारख्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. पाणी खडकवासल्याच्या खालचे, विठ्ठलवाडीचे, भिडे पुलाचे आणि संगम पुलाचे आणावे, एकाच सकाळी. मुलांना काठावर उतरवू नये. शिक्षकाने पुलावरून दोरीची बादली सोडावी, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. प्रत्येक बाटलीत सारखेच थेंब, पाणी फिकट आकाशी दिसेल इतकेच. दुकानातले द्रावण बहुधा दाट असते, ते आधी पातळ करून घ्यावे. रंग गडद झाला तर तेच औषध जिवाणूंना मारते आणि गटाराचे पाणीही पाच दिवस निळे राहून ‘स्वच्छ’ ठरते! बाटली काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता झाकण लावायचे, कारण एक बुडबुडा म्हणजे फुकटचा प्राणवायू. सर्व बाटल्या एकाच कपाटात, अंधारात. खिडकीत ठेवल्या तर शेवाळ प्राणवायू बनवते, शिवाय उन्हाने रंगही विटतो. सकाळ-संध्याकाळ पाहून पाच दिवस नोंद करावी. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा रंग काही तासांत किंवा दिवसभरात जाऊ शकतो, चांगल्या पाण्याचा पाच दिवस टिकतो. रंग उडालेल्या बाटलीतले थोडे पाणी ओतून, मोकळी जागा ठेवून जोरात हलवा: निळा रंग परत येतो. वर्गाला हा भाग पुन्हा पुन्हा पाहायचा असतो, दाखवावा.

पावसाळ्यात आणखी दोन अडचणी. गढूळ पाण्यातली माती रंग शोषून घेते, त्यामुळे नमुना आधी तासभर निवळू द्यावा. आणि धरणातून विसर्ग सुरू असेल तर सगळेच पाणी बरे दिसते. ते नदी सुधारल्याचे लक्षण नव्हे, पातळ झाल्याचे आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नमुन्याच्या दिवशीचा विसर्ग नोंदीत नसेल तर जुलैची बाटली आणि डिसेंबरची बाटली शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पक्ष्यांबाबतही अशीच फसगत होते. हिवाळ्यात शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी कवडीला शेकाट्यांचे (लांब पायांच्या पाणपक्ष्यांचे) थवे पाहून मुले लिहितात, इथली परिसंस्था निरोगी आहे. शेकाट्याला घाण पाण्याच्या गाळात वाढणाऱ्या अळ्या चालतात, किंबहुना तिथे त्या मुबलक मिळतात. पक्षी किती यापेक्षा कोणते आणि काय खाताहेत हे लिहायला लावावे.

टेकडीवरची मोजणी थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच शाळा करतात, फक्त चुकीची करतात. एक मीटर बाय एक मीटरचा सुतळीचा चौकोन, चार खिळे, आतल्या वनस्पतींचे प्रकार आणि संख्या. चौकोन पाठीमागे भिरकावणे म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. तो नेहमी वाटेलगतच पडतो. उताराचा नकाशा चौकटींत वाटून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि आलेल्या चौकटीत जावे, तिथे फक्त दगड असले तरी. कडेवर आलेले रोप दोन बाजूंना मोजायचे, उरलेल्या दोन बाजूंना सोडायचे. नाव ठाऊक नसेल तर ‘प्रकार अ’, ‘प्रकार आ’ पुरे. दहा चौकोन मोकळ्या गवतात, दहा गिरिपुष्पाच्या झाडीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करावे, मार्चपर्यंत कुसळी वाळते, कित्येकदा जळलेली असते. निकाल काय येईल ते शिक्षकाने आधी सांगू नये. सुतळी परत आणावी. आणि या मोजणीआधी त्याच उतारावर वृक्षारोपणाचे खड्डे घेऊ नयेत! गवताळ माळ ही रिकामी जागा नाही, हे आमच्यातल्याही बऱ्याच जणांना अजून पटवावे लागते. इथला मूळचा पानगळीचा साळई, मोई, धावडा आणि मधले गवत यांचा मेळ मोडून परदेशी गिरिपुष्प लावले गेले, टेकडी लांबून हिरवी दिसली, आणि तेवढ्यावर समाधान मानण्याची सवय लागली.

पावसाने बाहेर जाता आले नाही तर फिरत्या प्राण्यांची संख्या कशी काढतात ते राजम्याने करावे. न मोजलेल्या राजम्यातले ४० दाणे मार्करने खुणा करून परत टाका, चांगले ढवळा, न पाहता ५० काढा. त्यात ८ खुणेचे निघाले तर ४० गुणिले ५० भागिले ८, म्हणजे २५०. मग सगळे मोजून ताळा करा. उत्तर फार चुकले तर बहुधा ढवळणे कमी पडलेले असते किंवा नमुना छोटा असतो.

आता शिक्षण विभागाला आणि मुख्याध्यापकांना दोन मागण्या. प्रकल्पाचे निम्मे गुण कच्च्या नोंदवहीला द्यावेत: तारीख, हवामान, मोजणाऱ्याचे नाव, चुकलेला आकडा एका रेघेने खोडलेला, खोडरबर नाही. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नये, ‘तुझा आकडा शेजारच्या गटापेक्षा वेगळा का?’ एवढे विचारावे. तयार फाईल तिथेच उघडी पडते. दुसरे, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. शाळांच्या टेकडीवरच्या याद्या दरवर्षी तिथे जमा होण्याची सोय महापालिकेने करावी. ही माहिती कच्ची असेल, पण एकाच जागेवरची दहा वर्षांची कच्ची माहितीसुद्धा आज आपल्याकडे नाही म्हणावी इतकी थोडी आहे.

एक मागणी तुमच्याकडेही आहे. पावसाळ्यात आपल्या दैनिकात चारही धरणांचा साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये रोज येतो. त्याच चौकटीत शहराने आदल्या दिवशी उचललेले पाणी कोटी लिटरमध्ये छापावे, आणि पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरनंतरही ती चौकट बंद करू नये. वर्गातले वरचे गणित मग जुन्या आकड्यांवर न करता त्या सकाळच्या अंकावरून करता येईल.

आपले,
विज्ञान व भूगोल विषयांचे काही शिक्षक, पुणे